आवाज कमी झाला त्या वर्षी

शेन्झेन, तिसरा मजला, गाळा सत्तेचाळीस.
रुंदी: माझे दोन्ही हात पसरले की संपते.
डाव्या खणात राखाडी कंपनीची ड्रोनं,
उजव्या खणात पांढरीची,
मधे मी, सोल्डरच्या धुरात,
दोन भांडकुदळ घरांची एकच हाडवैद्य.

इथे एकाचं बारसं चालू असतं तेव्हाच
दुसऱ्याची ओटी भरलेली असते.
रांगायला लागेस्तोवर म्हातारं.

मार्चमध्ये राखाडीने सांगितलं: एकतीस मिनिटं हवेत.
जूनमध्ये पांढरी म्हणाली: चौतीस, आणि पाठीलाही डोळे.
सप्टेंबरात राखाडीला पोटाखाली डोळे फुटले.
शेरास सव्वाशेर, सव्वाशेरास दीड,
तराजू कुणाच्या हातात, ते कुणी विचारत नाही.
समोरच्या गाळ्यातला फू च्येनपिंग
जुन्या मॉडेलचे सुटे भाग किलोवर विकतो.
गेल्या वर्षी तेच तो काचेच्या कपाटात ठेवायचा,
पुसून.

गिऱ्हाईक विचारतं, दोघांत चांगलं कुठलं?
मी म्हणते, कसं पडतंय त्यावर आहे.
राखाडी पडतं ते हात मोडून घेतं,
बिजागरी जाते, छाती शाबूत.
पांढरं अंगाने धड राहतं,
पण कॅमेऱ्याची मान लुळी पडते,
आणि तिच्यातली कागदाएवढी पातळ पट्टी बदलायला
माझी अख्खी दुपार.
उडताना सगळीच देखणी असतील.
मला कुणी उडणारं आणून दाखवत नाही.

परवा युन्नानच्या चहाच्या डोंगरातून एक माणूस आला.
आडनाव तुआन. दोन बस, एक रात्र.
तांदळाच्या पोत्यात गुंडाळलेलं पांढरीचं ड्रोन,
पाच पिढ्यांमागचं.
"अक्रोडाच्या झाडावर बसलं," म्हणाला,
जणू कोंबडीच.
मी कपाळाला हात लावला.
म्हटलं, दुरुस्तीच्या पैशांत नवं येईल.
निम्म्या वजनाचं. झाड दिसलं की
आपणच वळसा घालेल.
आणि आवाज म्हणशील तर, नाहीच.

"तेच तर नको."

मग त्याने फोन काढला.
मळ्याच्या हिरव्या पायऱ्या, एकीवर एक.
त्यांतल्या एकीवर त्याची आई, पाठीला टोपली.
गांधीलमाशांचं मोहोळ उठावं तसं
ड्रोन भणभणत खाली येतं,
आणि ती मान वर करते,
कपाळावर आडवा हात धरते,
काहीतरी बोलते, शिवीच असणार,
आणि हसते.
चार सेकंद.

"धाकट्याने नवं घेतलंय. राखाडी.
चित्र इतकं स्वच्छ, टोपलीतली पानं मोजून घ्या.
पण त्यात आई म्हणजे नुसती पाठ.
वर कोणी आहे हे तिला कळतच नाही."

मी काही बोलले नाही.
च्येनपिंगच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून
तसला एक बोर्ड शोधून आणला.
त्याने तोही तोलूनच दिला.

पाती मात्र माझ्याकडे होती, नवी,
टोकं वळवलेली, आवाज गिळणारी.
बसली असती. स्वस्तही पडली असती.
रात्री साडेनऊला खोक्याच्या तळाशी
जुन्या, बोथट टोकांच्या दोन जोड्या सापडल्या.

गच्चीवर नेलं, कमरेइतकंच उचललं.
खालच्या मजल्यावर नूडल खाणारा पोऱ्या
खिडकीतून डोकं काढून ओरडला,
काय लावलंय हे!
तुआनला इतकं खूश झालेलं मी
दिवसभरात पाहिलं नव्हतं.

"आई अजून पानं खुडते?"
"गुडघे गेले. अंगणात बसते."

एवढ्या जुन्याला आम्ही हमी देत नाही.
पावतीवर मी सहा महिने लिहिले,
शिक्का मारला,
आणि त्याला सांगितलं,
अक्रोडापासून लांब.