नळीतली गाठ

बाहेर उणे अकरा.
व्रातिस्लाव ट्रामने आला, तेवीस मिनिटं उभ्यानं,
कोटाच्या आत, बनियनला लागून पिशवी,
पिशवीत पाणी, पाण्यात दोन कोळंब्या,
लाल, पाठीवर पांढरा पट्टा ओढलेल्या.
दार उघडलं तर आधी म्हणाला, दिवा घालव.
मी म्हटलं, बूट तरी काढ.

या देशाला समुद्र नाही.
ओस्त्रावात, सहाव्या मजल्यावर, आमच्याकडे आहे थोडा,
दोनशे दहा लिटर,
पोत्यातलं मीठ बादलीत ढवळून केलेला,
माझं शिवणयंत्र जिथे होतं तिथे.

थुअननं दुकानात बजावलं होतं,
मासा एखादवेळ माफ करतो, कोळंबी नाही.
घाईनं सोडलीत तर सकाळी आडवी.
थुअन स्वतः एकोणीसचा असताना इथे आला, सूतगिरणीत;
पहिला हिवाळाभर होते नव्हते ते सगळे कपडे
अंगावर चढवून झोपायचा, हसत सांगतो.
आता त्याच्या बटाट्याच्या सूपात
माझ्यापेक्षा जास्त मरवा असतो.

अर्धा तास पिशवी टाकीत तरंगली.
मग बादली. मग हवेची पातळ नळी,
आणि नळीला एक सैल गाठ.
एकतीस वर्षं खाणीत होता तो. जखमेतला कोळसा
कातडीखाली राहतो, निळा पडतो.
त्या निळ्या बोटांनी त्यानं गाठ आवळली,
जराशी सोडली, पुन्हा आवळली,
धार तुटली
आणि थेंब.

सेकंदाला दोन. तो ओठांनी मोजत होता.
थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात;
आमच्याकडे तळं आधीच साचलेलं,
ते थेंब थेंब काढून
दोन जिवांना पटवायचं होतं.

खारटपणा बघायची दुर्बीण घेऊन तो न्हाणीघरात जाई,
दार लोटून, दिवा लावून, एक डोळा मिटून.
एक दशांश शून्य दोन एक.
तासाभरानं, दोन तीन.
टाकीत दोन पाच. म्हणजे अजून नाही.

मी अंधारात बटाटे सोलत होते.
म्हटलं, माझ्यासाठी नव्हती कुणी नळी बांधली.
तिसऱ्या दिवशी तू रात्रपाळीला गेलास,
आणि सकाळी तुझ्या आईनं माझ्या हातात कोंबडी दिली.
जिवंत.

त्यानं मान वर केली नाही.
बऱ्याच थेंबांनी म्हणाला,
येरोनिम होता ना आमचा, पिंजरा सोडणारा,
नवं पोर असलं की तो हळू सोडायचा.
आम्हाला दगडासारखा.
मग?
मग काही नाही.
तेव्हा दांडा माझ्या हातात आहे
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुरी थांबली माझी. सालं बरीच जाड निघत होती.

पावणेदहाला त्यानं माझी सूपाची पळी मागितली.
एकेक करून अलगद,
बादलीतलं पाणी आत पडू न देता.
दोघी खडकाखाली गेल्या,
बाहेर नुसत्या पांढऱ्या मिशा.

चौथ्या दिवशी तो फुफ्फुसं दाखवायला गेलेला,
आणि वाळूवर ती पडलेली,
काचेसारखी, डोळ्यांसकट रिकामी.
मी मनात एक वाक्य जुळवलं त्याला सांगायला.
मग ते खोडून दुसरं.
मग बाही न सावरताच हात आत घातला.

अंगठ्याला काहीतरी लागलं, केसाएवढं.
एक आली, पहिल्यापेक्षा लालभडक,
नखावर चढली आणि नखात अडकलेलं बटाट्याचं पीठ
बारीक चिमट्यांनी वेचू लागली.
तिच्यामागे दुसरी.
मोजल्या. दोन, आणि एक कात.

कात टाकतात हे थुअननं सांगितलं असणार.
व्रातिस्लावनं मला नाही सांगितलं.
की सांगितलं, आणि मी बटाटे सोलत होते?

जिन्यापलीकडे लिफ्ट थांबली, पुन्हा चालू झाली.
बाही कोपरापर्यंत भिजलेली.
हात मी काढला नाही.
येऊ दे, म्हटलं,
सावकाश येऊ दे वर.