पेन्सिलीचा पट

दसरा सरला की शाळेमागच्या माळावर
एका रात्रीत गाव उभं राहतं.
बांबू, पाचट, निळा प्लास्टिकचा कागद.
मी स्कूटी लावते तेव्हा चुली विझत आलेल्या,
माणसं पहाटे तीनलाच फडात गेलेली.
मागं उरतात शेळ्या, हंडे,
आणि मुलांना सांभाळणारी मुलं.

वाळवा तालुक्यातली ही दोन खोल्यांची शाळा.
पट एकवीस. हंगामात अडतीस.
"वरचे सतरा पेन्सिलीनं लिहा, बाई,"
गुरव सर म्हणाले, "एप्रिलात खोडायला बरं पडतं."
माणूस वाईट नाही.
सतरा जणांच्या खिचडीचा तांदूळ
त्यांनीच तालुक्याला भांडून आणला.
शाईला मात्र बिचकतात.

शिवकन्या सानप, इयत्ता चौथी.
गाव पाटोद्याच्या पलीकडं,
तिथल्या पटावर शेरा: सतत गैरहजर.
कमरेवर भाऊ, दीड वर्षाचा.
"नाव काय ह्याचं?"
"अजून ठिवलं न्हाई. बाळ्याच म्हनतो."
बाळ्या तांदळाच्या रिकाम्या पोत्यावर झोपायचा,
जागा झाला की खडू खायचा.

गणिताचा तास होता.
"दोन माणसं अधिक दोन माणसं?"
वर्ग ओरडला, "चार!"
ती म्हणाली, "दोन कोयतं."
आणि मला समजावून सांगितलं, मीच चौथीत असल्यागत:
"नवरा-बायकू मिळून एक कोयता, बाई.
एकलं मानूस अर्धा."
"मग तू गं?"
तिनं बाळ्याला या कमरेवरून त्या कमरेवर घेतलं.
"मला अजून धरत न्हाईत."

आणखी एकदा, व्याकरणात.
उचल: नाम की क्रियापद?
गावातला हर्षद म्हणाला, क्रियापद. दप्तर उचल.
ती म्हणाली, "नाम.
बापाच्या नावावर हाय, सत्तर हजार."
मी दोघांनाही गुण दिले.

मी फार काही केलं असं नाही.
जानेवारीत ती नऊ दिवस आली नाही,
सहाव्या दिवशी मी कोपीवर गेले.
रस्त्याकडेला वाढ्यांच्या पेंढ्या मांडून
गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेली.
माझ्याकडं बघून हसली, पण उठली नाही.
समोरून उसाचा ट्रॅक्टर गेला, मागं दोन ट्रॉल्या.
शेवटच्या ट्रॉलीच्या फळीवरची अक्षरं
तिनं धुळीतून वेचली:
सा. व. का. श.
"सावकाश!" असं ओरडली
की बाळ्या दचकून रडायलाच लागला.
तिनं आपणहून वाचलेला पहिला शब्द.
मी दोन पेंढ्या विकत घेतल्या.
घरी जनावर नाही आमच्या.

मार्च संपता संपता कारखान्याचा पट्टा पडला.
मी सतरा हमीकार्डं भरली,
तिकडच्या सरांना दाखवा म्हणून बजावलं.
तिनं आपलं कार्ड पिठाच्या डब्यात ठेवलं,
सगळ्यांत कोरडी जागा तीच.
ट्रक हलला तेव्हा ती भांड्यांवर बसून
पाट्या वाचत होती. आमच्याकडं बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी माळावर नुसती चुलींची काळी वर्तुळं.
सरांनी खोडरबर पुढं केला.
मी हजेरी उघडली.

सतराच्या सतरा नावं निळ्या शाईनं गिरवलेली.
पेन दाबून, जोर लावून,
मागच्या पानावर उमटतील इतकी.
एक काना निसटलेला, एका नावाची वेलांटी पालथी.
आणि खाली, माझ्या हातचं नसलेलं,
अठरावं: नवनाथ सानप.
कधी ठेवलं असेल तिनं ते नाव?
कदाचित इथंच, पेन हातात घेतल्यावर.
रकाना भरायचा तर काहीतरी लिहावं लागतंच.
नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत
त्याच्यापुढं एकेका चौकोनात "ह", "ह", "ह".
जानेवारीतले नऊ दिवस
तिनं प्रामाणिकपणे कोरे सोडलेले.

सर बराच वेळ पानाकडं बघत राहिले.
मग खोडरबर खिशात टाकून
घंटा द्यायला गेले.