पान सात, खाली, उजवीकडे

आमच्या पेपरचं नाव होतं 'खाणदिवा'.
उत्तर फ्रान्समधल्या शेवटच्या खाणीला टाळं लागून
तीस वर्षं झाली होती,
आम्ही नाव तेच ठेवलं,
गेलेल्या माणसाचा कोट खुंटीवर राहू द्यावा तसं.

दर सोमवारी पान सात, खाली, उजवीकडे
कबुतरांच्या शर्यतींचे निकाल असायचे.
ऑर्लेआँहून पहाटे सोडलेली पाखरं
किती वाजता कुणाच्या कौलांवर उतरली,
वारा कुठला होता,
पायातल्या कड्याचा नंबर,
आणि मालकाचं नाव, पूर्ण.
वाखोव्याक फ्लोरिमाँ, ही अक्षरं
मी एकवीस वर्षं लावली,
माझ्या स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा.

तो रकाना मीच काढला.
संपादक म्हणाले, जागा हवी.
जागा हवी होती ती एका लेखमालेसाठी:
लोकशाहीचा गळा कसा आवळला जातो, भाग एक ते नऊ.
लेखमाला चांगली होती, आजही म्हणते.
एक वाक्य खोटं नव्हतं तिच्यात.
फक्त आमच्या गावातला एकही रस्ता नव्हता.

फ्लोरिमाँ आला, टोपी हातात धरून,
सोबत चिकोरीचं पाकीट, माझ्या आईसाठी.
मी म्हटलं, निकाल आता वेबसाइटवर असतील.
तो खिडकीतून काळ्या टेकडीकडे बघत राहिला.
ती टेकडी म्हणजे त्याच्या बापाने, माझ्या बापाने
पोटातून उपसून काढलेली माती.
आता तिच्यावर बर्चची झाडं उगवलीत
आणि शाळेच्या सहली येतात.
'बरं,' म्हणाला, आणि गेला.
पाकीट ठेवून गेला.

सप्टेंबरात दाराखालून एक फुकट पेपर सरकला.
चार पानं, गुळगुळीत, रंगीत.
पहिल्या पानावर त्यांचा उमेदवार,
बाह्या सरसावून, हसत,
खाली ठळक: तुमचं ऐकणारा.
शेवटच्या पानावर, खाली, उजवीकडे
कबुतरांचे निकाल.
मी लाल पेन घेऊन तपासले.
एकही आकडा चुकलेला नव्हता.
शेजारच्या चौकटीत
स्टेशनजवळच्या बेकरीवाल्या बेन्झेर्गाबद्दल जे छापलं होतं
ते पहिल्या शब्दापासून बनाव.
पण कड्यांचे नंबर बरोबर होते ना,
मग लोक म्हणाले, हेही बरोबर असेल.

आम्ही अग्रलेख लिहिला. जळजळीत.
पॅरिसहून तीन जणांनी अभिनंदन कळवलं.
बेन्झेर्गाची काच त्याच आठवड्यात फुटली,
ती बातमी आम्ही दोन दिवस उशिरा दिली,
कारण पाठवायला माणूसच उरला नव्हता.

निकालाच्या रात्री नगरपालिकेच्या दालनात
मतपत्रिका उलगडणाऱ्यांत फ्लोरिमाँ बसला होता,
चष्मा नाकाच्या टोकावर.
अडुसष्ट टक्के.
बाहेर हॉर्न वाजत होते.
मी वही काढली आणि विचारलं,
तू कुणाला दिलंस?
तो म्हणाला, 'ओदिल,
हे तू विचारतेयस की पेपर?'

पेनाचं टोपण मी तीनदा लावलं, काढलं.

मग तोच बोलला, भलतंच.
शनिवारी त्याची निळी मादी परतली नाही.
अंधार पडेपर्यंत छपरावर बसला,
डबा खुळखुळवत.
गुडघा अजून दुखतोय.
कड्याचा नंबर त्याने सांगितला,
मी लिहून घेतला,
सवयीने, बाकी काही नाही.

मध्यरात्री पान लावताना
अडुसष्ट टक्क्यांच्या भल्यामोठ्या मथळ्याखाली
दोन बोटं जागा उरली.
हरवली आहे: निळी मादी, नंबर अमुक.
संपादकांनी पाहिलं नाही,
किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं.

सकाळी कार्यालयात फोन एकच वाजला.
'शेवटी आठ आहे,' फ्लोरिमाँ म्हणाला,
'तू सहा छापलंस.'
एकवीस वर्षांत पहिली चूक.
आणि माझ्या डोक्यात मात्र भलतंच घोळत होतं,
म्हणजे हा अजून आपला पेपर घेतो,
सकाळी सात वाजता, चष्मा लावून,
शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.

'दुरुस्ती छापाल?'
छापू, म्हटलं.
'कुठे?'