कोणता घोडा

पहिल्या रात्री ओचिर पलंगावर झोपलाच नाही.
दुलई ओढत खोलीच्या मधोमध आला,
जिथं घरी चूल असते,
आणि तिथं नसलेल्या चुलीला पाठ लावून निजला.

सकाळी विचारलं, तर म्हणाला,
या घराला कोपरे आहेत.
कोपऱ्यात काय असतं?

सहा वर्षांचा. लोकरीच्या गोल गेरमध्ये जन्मलेला.
चार दिवसांच्या वाटेवर, खारट तळ्यापलीकडे
त्याचे आईबाप कळप घेऊन हिवाळी तळाकडे निघालेले;
आज कुठं असतील, मलाही सांगता येत नाही.
खिशात वाळवलेल्या दह्याचे सात तुकडे.
खात नव्हता. मोजत होता.

उलानबातरहून आलेल्या बाईंनी एक तक्ता दिलाय
भिंतीवर लावायला : पिवळे गोल चेहरे,
हसरा, रडका, रागीट, घाबरलेला.
मुलांनी रोज आपापल्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं.
ओचिर रोज हसऱ्यावर ठेवायचा.
तो हाताला जवळ होता.

आणि रोज पहाटे चादर ओली.
मी काही न बोलता ती काढायची,
तो काही न बोलता कोरडीचं दुसरं टोक धरायचा.

एकदा असंच टोक धरलेलं असताना
खिडकीबाहेर दूधवाल्या म्हाताऱ्याचा घोडा उभा होता.
काळा आहे, नाही? मी म्हटलं.
ओचिर पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला,
अडाण्याकडे बघून हसावं तसा.
काळा कुठं? मुश्की. उन्हात पोट तांबूस दिसतं, बघा.
मग थांबेचना : कुमैत, अबलख, समंद,
पंचकल्याणी, राखी,
आणि एक, ज्याचं नाव मीही कधी ऐकलं नव्हतं,
त्याच्या आजोबांनीच ठेवलेलं :
पाऊस थांबल्यावरचा दगड.

तेव्हा तक्त्याकडे पाठ करून मी विचारलं,
आज आत कोणता आहे?

बराच वेळ गेला.
डोळे मिटून तो बघत होता.
अबलख, म्हणाला.
पांढरं जेवताना असतं. काळं, दिवा मालवल्यावर.
आणि लगाम?
अजून जवळ येऊ देत नाही.

आता खोलीतली सोळाही जणं घोड्यांतच बोलतात.
गणितात नापास झालेली दुलमा लंगडं शिंगरू घेऊन आली.
बातखूनं कुणाचं तरी नाक फोडलं,
आणि आपणहून सांगितलं : मुश्की होता, दोर तुटला.
चादर अजून कधीकधी ओली असते. असू दे.

काल वादळानं वीज गेली.
मेणबत्ती घेऊन फिरताना ओचिर जागा सापडला,
पलंगावर, कोपऱ्याकडे तोंड करून.
तुमचा कोणता? कुजबुजला.

एकतीस वर्षं या इमारतीत आहे मी,
आधी मुलगी म्हणून, मग बाई म्हणून.
हे कुणी विचारलं नव्हतं.

झोप आता, मी म्हटलं.
तो वाट बघत राहिला.
मेण बोटावर ओघळलं, तरी मला
रंग दिसेना. नुसत्या टापा ऐकू येत होत्या,
लांब, खारट तळ्यापलीकडून.