अर्धं अंडं

सातव्या आठवड्यात डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या,
आता घट्ट खायला हरकत नाही.
अंडं घ्या. अर्धंच.
घास तीस वेळा चावा,
आधी अर्धा तास, नंतर अर्धा तास, पाणी नाही.
मी हो म्हटलं. हात कोपरापर्यंत पिठात होते.

कुताइसीच्या या गल्लीत पहाटे चारला
पहिला उजेड माझ्या भट्टीचा.
मातीचा पुरलेला रांजण, तोंड वर, पोटात विस्तव.
कमरेतून वाकून आत झेपावायचं,
लांबुळकी कणीक भिंतीला थापायची,
आणि भुवया जळायच्या आत बाहेर.
एकवीस वर्षं झेपावले.
मग एका डिसेंबरात अडकले,
अर्धी आत, अर्धी बाहेर.
बेसोने पाय धरून ओढलं तेव्हा
रांगेतलं कुणी हसलं नाही.
तेच जास्त लागलं.

म्हणून त्बिलिसी. म्हणून कापून उरवलेलं पोट,
केळ्याएवढं, सर्जन म्हणाले.
मी म्हटलं, माझ्या पावाच्या आकाराचं म्हणा,
मला पटकन कळेल.

मग आठवडेच्या आठवडे चमचा.
आधी पाणी, मग गाळलेलं सूप,
मग मिक्सरमधून काढलेलं एकाच रंगाचं सगळं.
आल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून रोज तीनशे पाव भाजले.
वासाला पथ्य नसतं.
पावाचं ते शिंगासारखं कुरकुरीत टोक,
पोरं घरी पोचायच्या आत मोडून खातात ते,
पहिल्या पावाचं रोज मी मोडायचे.
आता तसंच विकलं.
गिऱ्हाईक म्हणालं, त्सियाला सुधारली, पाव अख्खा मिळतो.

झुझुना खाचापुरी घेऊन आली, चीज अजून उकळत होतं.
एक तुकडा, माझ्यासाठी.
आमच्याकडे 'नको' पाहुणा तीनदा म्हणतो
आणि चौथ्यांदा ताट पुढे करतो.
मी चौथ्यांदाही नको म्हटलं.
ती ताट झाकून रडली, जणू मी गेले होते.

अंडं उकडलं. सोलताना बोटं थरथरली,
लग्नात नव्हती एवढी.
पहिला घास सवयीने गेला, उभ्याने, घाईत.
छातीच्या मधोमध दगड बसला.
तोंडभर फेस. बेसिनवर वाकले.
जसं गेलं तसंच परत आलं, पांढरं.
दाराबाहेरून बेसो: मावशी, बरं आहे ना? पाव करपतोय.
मी जाऊन पाव काढले.

दुपारी पुन्हा. वाटाण्याएवढा तुकडा.
माझ्या भट्टीच्या भिंतीला एका फेरीत तीस पाव लागतात.
डोळे मिटले आणि भिंत भरत गेले.
बाराव्याला मीठ कळलं.
अठराव्याला बलकाची ती कोरडी, मातकट चव
जी मला पंचेचाळीस वर्षांत माहीत नव्हती,
तिथवर घास कधी टिकलाच नव्हता.
तीस. गिळलं. थांबले.
उतरलं.

चार तुकड्यांत पुरे झालं
आणि पुरे झाल्याचीच भीती वाटली.
भूक माझी लहानपणापासूनची सोबतीण.
वीज नसायची त्या हिवाळ्यांत
आईच्या तळहातावर रांगेचा नंबर लिहिलेला,
तिने तो हात रात्रभर धुतला नव्हता.
तेव्हाच ठरवलं होतं मी,
जिथे पाव असेल तिथेच राहायचं.

उरलेलं बेसोला दिलं. त्याने एका घासात संपवलं.
मी त्याचा गळा बघत राहिले.
अरे, चाव, म्हटलं.
तो म्हणाला, काय?

दुसऱ्या पहाटे आत वाकले, खोल,
हात खालच्या पट्ट्यापर्यंत पोचला
जिथे सहा वर्षं एकही पाव चिकटला नव्हता.
पहिला निघाला. टोक मोडलं,
नाकाशी धरलं, एप्रनच्या खिशात टाकलं.
पावाला अजून पाच आठवडे आहेत.

संध्याकाळपर्यंत त्याचं लाकूड झालं होतं.
चिमण्यांना नाही घातलं.