दोरीवरची माती

मे महिन्यात मी बारा शेतकऱ्यांना
बारा पांढऱ्या सुती चड्ड्या वाटल्या.
काउंटीच्या हिशेबात तो खर्च
'मृदा-परीक्षण, साहित्य' या रकान्यात बसवला.
सहा इंच खोल पुरा, म्हटलं,
शेजारी झेंडी रोवा, आणि विसरून जा.
साठ दिवसांनी उकरू.

ऑर्व्हिल टॉलेफसन हसला नाही.
रुमालासारखी घडी घालून त्यानं ती खिशात ठेवली.
"विद्यापीठात हे शिकवतात?"
हेही, मी म्हटलं.

विस्कॉन्सिनच्या या घड्याघड्यांच्या डोंगरांत
आठ वर्षं मी माहितीपत्रकं वाटत फिरते आहे.
आच्छादन पिकांवरचं माझं सर्वांत चांगलं पत्रक
ऑर्व्हिलच्या गोठ्यातल्या टेबलाच्या
आखूड पायाखाली आहे.
टेबल आता डुगडुगत नाही,
तेवढा उपयोग झाला.

पाऊस पडला की स्टोर्डालचा ओढा
कोकोच्या रंगाचा होतो.
सगळे पुलावरून बघतात.
कॅफेत बर्फाविषयी बोलतात, नातवंडांविषयी,
कुणाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनविषयी.
दुधाचा चेक खाद्याच्या बिलाहून लहान आला
हे कुणी बोलत नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
हे माझ्या आजोळचं वाक्य
नॉर्वेहून आलेल्यांच्या पणतवंडांना
कुणी शिकवलं, कोण जाणे.

जुलैत चर्चच्या तळघरात दोरी बांधली,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
कॉफी, रूबार्बच्या वड्या, बारा चिमटे.
डार्लीन स्कारची चड्डी जाळीदार झाली होती.
ब्लिआ लोर, जी तीन एकर खंडानं करते
आणि दोन भाज्यांच्या मध्ये जमीन कधी उघडी ठेवत नाही,
तिच्या चिमट्याला नुसतं इलॅस्टिक लटकत होतं,
बाकी सगळं मातीनं जेवून टाकलं होतं.

आणि ऑर्व्हिलची.
धुऊन घालता आली असती.
आधी हशा. मग कुणीतरी चमचा खाली ठेवला,
तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

माझ्याकडे बेचाळीस स्लाइड्स होत्या.
मी लॅपटॉप उघडला नाही.
ऑर्व्हिल उठला, खुर्ची फरफटत
ब्लिआसमोर जाऊन बसला आणि म्हणाला,
"काढणीनंतर तू काय करतेस?"
तिची मुलगी भाषांतर करू लागली.
पुढे पुढे त्यांना तिची गरज उरली नाही.
टेबलावर चार हात पेरत होते, दाबत होते, झाकत होते.
मी कॉफी ओतत राहिले.

सप्टेंबरात सात जणांनी वर्गणी काढून
जुनं पेरणीयंत्र घेतलं.
त्याला सुतळीनं एक वही बांधली आहे:
कुणी नेलं, किती एकर राय पेरली,
कुठला नट सैल आहे.
ब्लिआचे भोपळे डार्लीनच्या ट्रकमधून
शाळांच्या स्वयंपाकघरांत जातात.
शीतगृहाचं वीजबिल निम्मंनिम्मं.
पुढच्या वसंतात ऑर्व्हिलनं खताचं बिल
सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं,
मागच्या वर्षीचं आणि यंदाचं.
फरकात गोठ्याचे अर्धे पत्रे बसले.
उरलेले अर्धे अजून गळतात.

लिओनार्ड ब्रेकेला मात्र गट वाचवू शकला नाही.
जानेवारीत त्याच्या गायी लिलावात गेल्या.
आम्ही सगळे कुंपणाशी उभे होतो,
उणे अठरात, टोप्या काढून.
यावर माझ्याकडे पत्रक नाही.

काल ऑर्व्हिल ऑफिसात आला.
बूट दाराबाहेर काढले, जे इथे कुणी करत नाही.
"या खेपेला चड्डी माझी मीच पुरली होती," म्हणाला,
आणि माझ्या टेबलावर मूठ उघडली.
इलॅस्टिक.
थोडी काळी माती, पावाच्या चुऱ्यासारखी मोकळी.
आणि एक गांडूळ,
परत जायच्या घाईत.