कल

नाशिकच्या तांबट आळीत अण्णांचा एक घाव
हल्ली दोन हंड्यांवर पडायचा.
खालचा खोटा, म्हणायचे,
पण पोचा त्यालाही येतो.

सायगावकर बाईंनी स्कॅन बाजूला सारून
जुने फोटो मागवले.
शाळेतला, लग्नातला,
सिंहस्थात गंगेवर काढलेला —
सगळीकडे मान डावीकडे.
आई म्हणाली, मला वाटायचं, लाजतात.

जन्मापासूनची एक अधू नस.
पन्नास वर्षं मानेनंच निभावून नेली,
कुणाला न सांगता.

शेवटचा टाका बांधण्याआधी
जागं करून विचारलं, किती दिसतात?
दोन.
दीड... अजून थोडं वर घ्या.
बास. आता ठोकू नका.

मान सरळ झाली.
आई मात्र त्यांच्याशी बोलताना
अजून
जराशी कलते.